पुण्यातल्या मुलींच्या निवासी शाळेत घरून जाणारी मुलगी: दिवस कसा बसवावा?

चैत्रपालवी

पाचवीचे आणि आठवीचे प्रवेश झाले की हा विषय दरवर्षी वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्याने निघतो, म्हणून एका जागी मांडते आहे. शाळा मुलींची, आवारातच वसतिगृह, बऱ्याच मुली तिथेच राहणाऱ्या आणि आपली मुलगी मात्र रोज घरून येऊन-जाऊन.

पुण्याला ही पद्धत नवी नाही. हुजूरपागा १८८४ ची. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेला आश्रम १९०० मध्ये हिंगण्याला गेला. रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ चं. परगावच्या मुलींच्या राहण्याची सोय झाल्याशिवाय त्यांचं शिक्षण पुढे सरकणारच नव्हतं. त्यामुळे अशा शाळांचं घड्याळ मुळात तिथे राहणाऱ्या मुलींसाठी लावलेलं असतं. घरच्या मुलीची ओढाताण होते ती दिवसाच्या दोन टोकांना, परिपाठाच्या आधी आणि शेवटच्या घंटेनंतर. मधल्या तासांची काळजी करू नका, तिथे सगळ्या सारख्याच.

साधारण दिनक्रम असा असतो: वसतिगृहात पहाटे साडेपाचला उठायचं, सहाला पीटी, थोडा अभ्यास, साडेसातला नाश्ता, आठला परिपाठ. दोनला शाळा सुटते. मग जेवण, तासभर विश्रांती, चार ते साडेपाच मैदान, दूध-खाऊ, साडेसहा ते आठ अभ्यास, जेवण, रात्रीची हजेरी. डे स्कॉलरला, म्हणजे घरून येणाऱ्या मुलीला, आठ ते दोन सक्तीचं. पण मैदानही सक्तीचं असेल तर दोन ते चार ती कुठे असणार? राहणाऱ्या मुली खोलीवर जाऊन पडतात. घरच्या मुलींना खोल्यांत जायची परवानगी बहुतेक ठिकाणी नसते आणि ते योग्यच आहे, कारण खोलीतून काही हरवलं की पहिलं बोट बाहेरून आलेल्या मुलीकडे वळतं.

म्हणून प्रवेशाच्या वेळी फीबरोबर हेही विचारा. दुपारी वाचनालय उघडं असतं का आणि तिथे कोणी बाई बसतात का? खेळाचे कपडे बदलायला जागा कुठली? पोटात दुखायला लागलं तर आडवं पडायला सिक रूम मिळते का, की तीही वसतिगृहाच्या इमारतीत, कुलपाआड? काही ठिकाणी डे बोर्डिंगचा पर्याय असतो, म्हणजे दुपारचं जेवण मेसमध्ये आणि संध्याकाळचा अभ्यास उरकून मग घरी. तो घ्यायचा असेल तर सुटण्याची वेळ लेखी घ्या. 'साधारण सात' म्हणजे पावणेआठही होतात.

वर्गावर_बाई

चैत्रपालवी, नेमकं मांडलंत. शिक्षकांच्या बाजूची एक गोष्ट सांगते, जी पालकांच्या लक्षात येत नाही.

राहणाऱ्या मुली मधल्या सुट्टीत खोलीवर जाऊन वह्या बदलून आणतात. आमच्या तोंडी सहज येतं, "सुट्टीनंतरच्या तासाला नकाशावही घेऊन या." तीस मुली घेऊन येतात, सहा मुलींकडे नसते. त्या सहा जणी घरून येणाऱ्या. निष्काळजीपणा नसतो, त्यांना आणायला जागाच नसते. मग दोनदा ओरडा खाल्लेली मुलगी तिसऱ्या दिवसापासून सगळी पुस्तकं पाठीवर लादून आणते.

त्याचा हिशोब करून बघा. २०१५ च्या शासन निर्णयानुसार दप्तराचं वजन मुलीच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर जायला नको. बत्तीस किलोच्या मुलीला सव्वातीन किलोसुद्धा नाही. रिकामं दप्तर आठशे ग्रॅम, एक लिटरची भरलेली बाटली एक किलोहून जास्त, भरलेला डबा सहाशे-सातशे ग्रॅम. अडीच किलो तिथेच संपले. त्यात खेळाचे कपडे आणि बूट. वह्यापुस्तकांना उरलं काय?

यावर तीन गोष्टी चालतात. अर्ध्या लिटरची बाटली द्यायची आणि शाळेत भरून घ्यायला सांगायचं. वर्गातल्या कपाटाचा एक कप्पा घरच्या मुलींसाठी मागायचा. शाळेत लॉकर नसले तरी कप्पा मिळतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. नकाशावही, प्रयोगवही, चित्रकलेचं सामान, शब्दकोश कायम तिथेच ठेवायचं. आणि पालक सभेत ही अडचण वर्गशिक्षिकेला स्पष्ट शब्दांत सांगायची. आम्हाला सांगितलं की आम्ही आदल्या दिवशी सांगायला लागतो. तक्रारीच्या सुरात नको, माहिती म्हणून सांगा.

पानशेत_रोड

सूचनांचं काय? रात्री जेवणाच्या वेळी रेक्टर सूचना वाचून दाखवतात आणि आमच्याकडच्या मुलींना त्या दुसऱ्या दिवशी परिपाठाला कळतात. 'उद्या पांढरा गणवेश' हे त्याच दिवशी सकाळी कळून उपयोग काय?

वर्गावर_बाई

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विसंबू नका. तिथले निम्मे पालक सोलापूर, नगर, सातारा भागातले असतात, त्यांनाही ती सूचना पोचलेली नसते. मुलींकडे फोन नसतात. फळ्याचा उजवा वरचा कोपरा राखून ठेवणं सगळ्यांत खात्रीचं. शेवटच्या तासाला वर्गमंत्री तिथे तीन ओळी लिहिते: उद्याचा गणवेश, उद्या लागणारं सामान, वेळेत बदल. घरच्या मुली दैनंदिनीत उतरवून घेतात. रात्री उशिरा ठरलेल्या गोष्टींसाठी वसतिगृहातल्या एका मुलीशी जोडी ठरवून द्यायची. तिने सकाळी पावणेआठला फाटकाजवळ भेटून सांगायचं. गणवेशासारखी बाब तेव्हाही निस्तरत नाही, म्हणून पांढऱ्या गणवेशाचा एक जादा जोड कप्प्यात ठेवा.

कमल_नयन

वसतिगृहाच्या कामाची माहिती आहे, म्हणून लिहिते. घरच्या मुलींना सगळ्यांत जास्त अडचणीत आणणारा प्रकार अजून कोणी काढला नाही. 'येताना एवढं आणून दे ना' हा तो प्रकार.

सुरुवात पेनच्या रिफिलने होते. मग मॅगी, मग वडापाव, मग चिठ्ठी पोस्टात टाकायची, मग सिमकार्ड, मग गोळ्या. गोळ्या म्हणजे डोकेदुखीच्या, पित्ताच्या आणि गॅदरिंगच्या आधी पाळी पुढे ढकलायच्यासुद्धा. शेवटचा प्रकार फार गंभीर आहे. ते औषध डॉक्टरांनी मुलीला तपासून द्यायचं असतं. कोणाला कसली अॅलर्जी आहे, कोणाला काय चालू आहे, याची नोंद मेट्रनकडे असते, मैत्रिणीकडे नसते.

पकडली जाते ती घरची मुलगी, कारण फाटकावर दप्तर तिचं तपासलं जातं. आणि तिने नाही म्हटलं तर राहणाऱ्या मुलींचा गट तिला बाजूला टाकतो. दोन्हीकडून कोंडी तिचीच. म्हणून 'नाही' म्हणण्याचं ओझं मुलीवर टाकू नका, पालकांनी स्वतःवर घ्या. "आई रोज माझं दप्तर भरते आणि बघते" हे वाक्य चालतं. मात्र ते खरं असायला हवं, आईने खरंच बघायला हवं.

चांगल्या वसतिगृहांत याला सरळ वाट असते. मुली शुक्रवारी वहीत मागणी लिहितात: कार्डशीट, घोटीव कागद, ग्राफवही, फेव्हिकॉल. पैसे रेक्टरांकडे जमा होतात, सोमवारी एखादे पालक सामान कार्यालयात पोचवतात, पावती वहीत चिकटवली जाते. फक्त लेखनसामग्री. तुमच्या शाळेत ही वही नसेल तर सुरू करायला सांगा, मुलींची चोरटी मागणी बरीच कमी होते. घरचं खाणं द्यायचं असेल तर तेही आधी रेक्टरांच्या कानावर घाला.

डबेवाली_आजी

खाण्याचं निघालंच आहे तर डब्याचं बघू. आठ ते साडेपाच मुलगी बाहेर असेल तर तीन वेळचं खाणं लागतं: छोट्या सुट्टीचं, दोनचं जेवण आणि मैदानाआधीचं काहीतरी. सकाळी सातला भरलेला डबा दोनला उघडतो, म्हणजे सात तास. एवढ्या वेळात काय टिकतं हे आधी बघा.

मार्च ते मे: ओलं खोबरं, दही घातलेली कोशिंबीर, उकडलेल्या बटाट्याची ओलसर भाजी, पनीर, काहीही नको. दुपारपर्यंत वास येतो. परतलेली भेंडी, गवार, घेवडा, मेथी, दाण्याचं कूट घातलेली कोरडी भाजी चालते. दहीभात हवाच असेल तर भात पूर्ण गार करून त्यात दूध जास्त आणि विरजणापुरतंच दही घालायचं. दोन वाजेपर्यंत तो बेताचा आंबट लागतो. आधीच आंबट दही घातलं तर खाववत नाही.

जून ते सप्टेंबर: पोळी गरम असताना डबा बंद केला की वाफ धरते, पोळी चिकट होते आणि हवेत दमटपणा असल्याने लवकर आंबते. दहा मिनिटं जाळीवर गार करा, मग फडक्यात गुंडाळून भरा.

चारच्या वेळेला तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीच्या दशम्या, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे. मैदानावर जाण्याआधी अर्धा तास खाल्लेलं बरं. दोनच्या जेवणावर साडेपाचपर्यंत खेळायचं म्हणजे मुली घरी आल्यावर चिडचिड करतात, ती भूक असते.

मेसचं जेवण घेतलंत तर एक अडचण लक्षात घ्या. पंगती दोन असतात आणि घरच्या मुलींना दुसरी पंगत मिळते. तोवर तीन वाजत आले तर त्यापेक्षा डबा परवडला.

रिंगरोड

येण्याजाण्याचं लिहितो. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे गाडीत मुली असतील तर महिला मदतनीस हवी. अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटीही हवी. शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी. निवासी शाळेत बहुसंख्य मुली आतच राहतात, म्हणून ही समिती पुष्कळदा कागदावर राहते. घरच्या मुली चाळीसच असल्या तरी नियम तोच आहे. समितीची बैठक मागा.

व्हॅनचा खरा घोळ वेळेचा. व्हॅनवाले दोन-तीन शाळांच्या मुली एका फेरीत घेतात. दोनची सुटी आणि साडेपाचची सुटी यांचे दर वेगळे असतात आणि साडेपाचला मुली कमी म्हणून गाडी लांबचा वळसा घालते. वारज्याची मुलगी कोथरूड फिरून घरी पोचते. करार करताना घरी पोचण्याची वेळ ठरवा, निघण्याची नव्हे. मैदान साडेपाचला संपतं म्हणजे मुलगी फाटकावर पावणेसहाला येते. मधली पंधरा मिनिटं कपडे आणि हातपाय धुण्याची असतात.

वनाज ते रामवाडी मेट्रोच्या जवळ शाळा आणि घर दोन्ही असेल तर आठवीपुढच्या मुलींना मेट्रो उत्तम. नळस्टॉपच्या कोंडीतून सुटका होते. स्टेशनपासून शाळेपर्यंतच्या चालण्याला मात्र सोबत ठरवा.

फाटकाची व्यवस्था नीट हवी. मुलीला न्यायला येणाऱ्यांची तीन नावं फोटोसह कार्यालयात द्यावीत, चौथं माणूस आलं तर मुलीला सोडायचं नाही. घेणाऱ्याला उशीर झाला तर ती फाटकाच्या *आत*, पहारेकऱ्याच्या खोलीशेजारी बसेल, बाहेरच्या टपरीपाशी नाही. तिच्याकडे फोन नसतो, म्हणून पहारेकऱ्याच्या खोलीतल्या फोनचा नंबर घरच्यांकडे हवा आणि घरचे दोन नंबर तिला पाठ हवेत.

पानशेत_रोड

यात पुण्याचे ठराविक दिवस धरा. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या येतात ते मुक्कामाचे दिवस, गणपतीतल्या पेठांमधल्या संध्याकाळी, आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद. त्या दिवशी वसतिगृहातल्या मुली वर्गात हजर असतात, म्हणून शाळा भरते, आणि घरच्या मुलींची गैरहजेरी लागते. दहावीला ७५ टक्के हजेरीची अट आहे. असे दिवस वर्षाला फार नसतात, पण नोंद राहिलेली बरी. त्याच दिवशी वर्गशिक्षिकेला लेखी कारण पाठवा. जिल्हाधिकाऱ्यांनी पावसामुळे सुटी जाहीर केली तर प्रश्नच नाही, पण वसतिगृहात त्या दिवशी उजळणी घेतली जाते, ती दुसऱ्या दिवशी मागून घ्या.

परिचारिका_पुणे

आरोग्याचं जरा सविस्तर लिहिते, कारण घरच्या मुली म्हणजे वसतिगृह आणि गाव यांच्यातला पूल. साथ दोन्ही दिशांनी जाते.

कांजिण्या: पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत संसर्ग होतो. म्हणजे पुरळ आल्यापासून साधारण पाच ते सात दिवस घरी. शेवटच्या फोडाची खपली बघा, ताप उतरला म्हणून पाठवू नका. संपर्कानंतर दहा ते एकवीस दिवसांत उठू शकतात, त्यामुळे वर्गात एक मुलगी आजारी पडली की तीन आठवडे लक्ष ठेवा. मुलीला लस दिली आहे का हे कार्डावर बघून ठेवा.

डोळे येणं: पावसाळ्यात हमखास. चिपडं, पाणी, लाली असेपर्यंत घरी. मैदानानंतर एकमेकींचा टॉवेल वापरतात तिथेच पसरतं. स्वतःचा नॅपकिन द्या आणि रोज धुवा.

उवा: इथे पालक आणि रेक्टर एकमेकांवर ढकलतात. खरं कारण असं की दहा मुलींच्या डोक्याला औषध लागतं आणि अकरावी राहून जाते. लिखा फुटायला साधारण आठवडा लागतो, म्हणून एकदा लावून भागत नाही. सात ते दहा दिवसांनी परत लावायचं असतं. खोलीतल्या सगळ्या मुली आणि वर्गातल्या घरच्या मुली यांनी एकाच रविवारी औषध लावलं तरच साखळी तुटते. तारीख रेक्टरांनी ठरवावी, घरच्यांनी पाळावी. दर आठवड्याला ओल्या केसांतून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवा, प्रत्येक वेळी पांढऱ्या कागदावर पुसून बघा.

पाळीसाठी दप्तराच्या आतल्या कप्प्यात गडद रंगाची छोटी पिशवी: तीन पॅड, एक जादा आतला कपडा, जुन्या वर्तमानपत्राचे दोन तुकडे, एक रिकामी पिशवी. पॅडची विल्हेवाट लावायचं यंत्र असलंच तर वसतिगृहाच्या इमारतीत असतं. शाळेच्या स्वच्छतागृहात निदान झाकणाची बादली हवी. हे सखी सावित्री समितीत, म्हणजे शाळेतल्या मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीत, मांडता येतं. २०२२ च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत असायला हवी आणि तिच्यात पालकही असतात. मुलींनी स्वतः जाऊन सांगायची वाट पाहू नका.

खोखो_प्रेमी

घरच्या मुलींना संघात घेत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. कारण बहुतेकदा सरावाची वेळ. खोखो, कबड्डी, धावण्याचा सराव सकाळी सहाला होतो. सव्वासहाला पोचणारी मुलगी वॉर्मअप चुकवते आणि प्रशिक्षक तिला बाजूला बसवतात. वॉर्मअपशिवाय खेळली तर मांडीचा मागचा स्नायू धरतो, म्हणून ते बरोबर करतात. जूनमध्ये क्रीडाशिक्षकांना विचारा, कुठल्या खेळाचा सराव चारच्या मैदानात होतो? तोच खेळ निवडा. सकाळचाच हवा असेल तर आठवड्याला तीन दिवस झेपतात, सहा दिवस नाही. सहाच्या सरावासाठी पाचला उठणारी मुलगी रात्री नऊला झोपायलाच हवी.

चैत्रपालवी

क्लासचं इथेच लिहिते, कारण ते झोपेशी जोडलेलं आहे. साडेपाचपर्यंत शाळेत असलेल्या मुलीला सातचा क्लास लावू नये असं माझं ठाम मत आहे. वसतिगृहातल्या मुलींना साडेसहा ते आठ शांत जागा, ठरलेली वेळ आणि शंका विचारायला बाई मिळतात, गृहपाठही ते गृहीत धरूनच दिलेला असतो. घरी तेच द्या: सात ते साडेआठ एकच टेबल, टीव्ही बंद, आणि मोठ्यांचे फोनही दुसऱ्या खोलीत. शंका वहीच्या मागच्या पानावर लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी दोन ते चारच्या रिकाम्या वेळात विचारायच्या. त्या वेळेचा याहून चांगला उपयोग नाही.

दहावी_ब

क्लासबद्दल थोडी असहमती. दोनला सुटणाऱ्या मुलींना चारचा गणिताचा क्लास अगदी जमतो. साडेपाचवालीला नाही.

आणि मैत्रीबद्दल कोणीच लिहिलं नाही. राहणाऱ्या मुलींची मैत्री रात्री आणि रविवारी होते. सोमवारी त्यांच्या बोलण्यात घरच्या मुलीला संदर्भच लागत नाहीत. याला उपाय म्हणून पार्ट्या आणि भेटवस्तू उपयोगाच्या नाहीत. एकत्र काम लागतं: स्नेहसंमेलनाचा नाच, हस्तलिखित, हाऊसची रांगोळी. यांच्या तालमी संध्याकाळी साडेसहाला ठेवल्या की घरच्या मुली आपोआप वगळल्या जातात. ऑक्टोबरमध्येच विनंती करा की निदान दोन तालमी शनिवारी शाळा सुटल्यावर घ्याव्यात. रंगीत तालमीच्या रात्री पाहुणी म्हणून राहू देतात का तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी पालकांचं पत्र आणि एका रात्रीचे जेवणाचे पैसे घेऊन देतात.

कमल_नयन

'स्थानिक पालक' म्हणून सही द्यायची असेल त्यांच्यासाठी. मुलीची वसतिगृहातली मैत्रीण, तिचे आईवडील लातूरला, ते तुम्हाला विचारतात. प्रेमाने हो म्हणावंसं वाटतं. पण त्या सहीचा अर्थ समजून घ्या. रात्री अकराला ताप चढला तर फोन तुम्हाला येणार, दवाखान्यात तुम्ही नेणार, आणि रविवारच्या आऊट पासवर तिला न्यायला आणि सहाच्या आत परत सोडायला सही केलेलं माणूसच लागणार. भाऊ, दीर, शेजारी चालत नाहीत.

सही करण्याआधी तिच्या आईवडिलांकडून तीन कागद घ्या: उपचाराला संमती, रक्तगट आणि अॅलर्जीची नोंद, आरोग्य विम्याची प्रत. आऊट पासला मुलीने कोणाकोणाला भेटायचं, सिनेमाला जायचं की नाही, फोन वापरायचा की नाही, हेही त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. नाहीतर तुमच्या घरी चालतं ते त्यांच्या घरी चालत नाही आणि वाईटपणा मुलीकडे येतो. एकाहून जास्त मुलींसाठी सही करू नका.

पानशेत_रोड

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून कप्प्यात काय ठेवावं ते विचारतोय. राहणाऱ्या मुली भिजल्या तर कपडे बदलतात, आपल्या तशाच बसतात.

परिचारिका_पुणे

गणवेशाचा एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांचा एक जोड, मोज्यांचे दोन, एक मोठा नॅपकिन, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी. सगळ्यावर नाव आणि इयत्ता धाग्याने घाला, पेनने लिहिलेलं धुतल्यावर जातं आणि कपडा वसतिगृहाच्या धोब्याच्या गठ्ठ्यात गेला तर परत मिळत नाही. चामड्याचे बूट वाळायला दोन दिवस लागतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, बोळे दर दोन तासांनी बदला. जून ते सप्टेंबर सँडलची परवानगी शाळा देते, अर्ज मात्र शाळा उघडते त्याच आठवड्यात द्यावा लागतो.